भुवईवरचा अंगठा

अल्लीपूर, ता. हिंगणघाट
१२ नोव्हेंबर २०२४

ती. शरयूताईस,

यामिनीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे आई ठीक आहे, नंदिनीवहिनी ठीक आहे, आणि मी कशी आहे हे दादा गेल्यापासून तू एकदाही विचारलेलं नाहीस, म्हणून सांगत नाही. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतेस. पत्राचं बरं असतं, ते अर्ध्यात कापता येत नाही. फाडता येतं, पण तुझा स्वभाव मला माहीत आहे, फाडायच्या आधी तू वाचशील. तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर टाकते आहे. घरचा पत्ता तू बदललास की तोच आहे, कोण जाणे.

कोल्हापूरला थंडी पडली का? इथे सकाळी अंगावर शाल लागते. वावरात कापूस फुटून पांढरा झालाय आणि वेचायला बाया मिळत नाहीत, म्हणून शेजारचे भैयाजी दिवसभर गावात माणसं शोधत फिरतात. आपलं वावर आता तेच बघतात. उद्या तुळशीचं लग्न. आईनं ऊस आणून ठेवला आहे.

मी अजून वर्ध्यालाच, त्याच दवाखान्यात, डोळ्यांच्या विभागात. आई लोकांना सांगते, "आमची यामिनी डोये तपासते." खरं तर मी जास्त करून पापण्या तपासते. ज्यांची वरची पापणी खाली लोंबते असे पेशंट डॉक्टर माझ्याकडे पाठवतात. पापणी उचलणाऱ्या स्नायूत किती दम आहे ते मोजायचं, मग ऑपरेशन करायचं की नाही, कसलं करायचं, ते ठरतं. तू रसायनशास्त्रवाली, तुला पद्धत आवडेल. आधी अंगठ्यानं भुवई दाबून धरायची. कारण पापणी उचलेना की माणूस कपाळाकडून उसनवारी करतो. भुवई वर ओढतो, आणि तिच्यासोबत पापणीही जरा वर सरकते. अंगठा ठेवला की उसनवारी बंद. मग म्हणायचं, खाली बघा. पट्टीचं शून्य पापणीच्या कडेला लावायचं. आता वर बघा. कड जेवढी सरकली तेवढी त्या स्नायूची स्वतःची ताकद. धडधाकट माणसाची दीड सेंटीमीटरच्या आसपास भरते.

हे एवढं सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

मी दर रविवारी सकाळी अल्लीपूरला येते आणि दुपारच्या एसटीनं परत जाते. त्यामुळे दादाच्या तेरवीनंतर आपल्या घरातली संध्याकाळ मी पाहिलीच नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. गेल्या महिन्यात एका रविवारी एसटी आलीच नाही आणि मी मुक्कामाला राहिले.

दिवस कलला तसं आईनं अंगण झाडलं, तुळशीपाशी दिवा लावला आणि ओसरीवर सतरंजी टाकली. मागच्या घरच्या यशोदाबाई येऊन बसल्या. भैयाजी आले. चपला काढल्या, हात जोडले आणि बसले. मला वाटलं भजन असेल. तेवढ्यात वहिनी आतून आली. सकाळी हसत हसत माझ्या ताटात वांग्याची भाजी वाढणारी हीच बाई, ती खांबाला टेकून बसली. तिच्या भुवया वर चढलेल्या होत्या, कपाळावर आठ्या, आणि त्यांच्याखाली पापण्या हळूहळू उतरत होत्या. दोन्ही पूर्ण उतरल्या. मग मान खाली गेली.

आईनं विचारलं, "आला का रे बाबू?"

"हाव," वहिनीच्या तोंडून आलं.

ताई, तो आवाज नाकातून आला. दादाचा. लहानपणी त्याच्या नाकातल्या बोलण्यावरून आपण त्याला 'सर्दी' म्हणायचो आणि तो आपल्या मागे लागायचा, तोच आवाज. आईनं विचारलं, जेवला का. हाव. थंडी वाजते का. हाव. भैयाजींनी त्यांच्या गाभण गाईचं विचारलं, त्यालाही हाव. कुणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं. पोळ्यापासून हे रोज चाललंय, असं यशोदाबाईंनी मला कानात सांगितलं. दिवेलागणीला येतो आणि घरचे झोपले की जातो. सकाळी सून चांगली.

मला भीती वाटली, हे लिहायला लाज नाही. पण हाताला सवय असते. मी पुढे सरकून बसले आणि माझा अंगठा तिच्या भुवईवर गेला. "वहिनी, वर बघा." पापणी जेमतेम हलली. सकाळी हेच डोळे माझ्याकडे टकमक बघत होते. मी अंगठा आणखी दाबला.

"यामे, अंगठा काढ."

वहिनी मला यामिनीताई म्हणते. यामे म्हणणारा एकच होता.

मी काढला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं वर्ध्याला गेले आणि दिवसभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एक आजार असा आहे की स्नायू दिवसभर वापरले की दमतात. सकाळी माणूस ठणठणीत, दिवस मावळता मावळता पापण्या पडतात, आवाज नाकात जातो, मान पेलवत नाही. थंडीनं पापणीला तेवढ्यापुरता जोर येतो, म्हणून बर्फ लावून बघतात. म्हणून परवाच्या रविवारी मी मुद्दाम थांबले. फ्रिजमधला बर्फ रुमालात गुंडाळला आणि सगळ्यांच्या देखत वहिनीच्या मिटल्या डोळ्यांवर धरला. आई म्हणाली, "तिले त्रास नको देऊ." मी धरूनच बसले. बर्फाखालून तो आवाज आईशी बोलतच होता.

मग मी रुमाल काढला आणि पापण्या वर गेल्या. पूर्ण उघडल्या. माझी शंका खरी ठरली, मला आनंद व्हायला हवा होता. पण बर्फ डोळ्यांवर होता, घशावर नाही. डोळे वहिनीचे झाले होते, आवाज अजून त्याचाच होता. तिनं थेट माझ्याकडे बघितलं आणि त्या आवाजात एक वाक्य बोलली. हाव नव्हे, पूर्ण वाक्य.

ते काय होतं ते आत्ता लिहीत नाही.

तिला नागपूरला न्यायचं आहे, पण आई ऐकत नाही. "तिले काही झालं नाई. तो येते म्हणून ती थकते," असं म्हणते. मी चार दिवसांची रजा टाकून इथे बसले आहे. बाकी नवीन काही नाही. तुझ्या आवडीच्या सांडग्या मिरच्या आईनं या वर्षीही वाळवल्या, कुणासाठी ते तिनं सांगितलं नाही.

हो, एक सहज विचारते. दादा कधी तुझ्याकडे कोल्हापूरला आला होता का? आला नसेल तर तसं एका ओळीत कळव. मला तेवढंच पुरेल.

तुझी,
यामिनी

---

अल्लीपूर
२९ नोव्हेंबर २०२४

ती. शरयूताईस,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. ना मायना, ना सही, मधोमध एक ओळ: 'हे तुला कुणी सांगितलं?'

रजा वाढवून मी इथेच होते. पाकीट उघडलं तेव्हा वहिनी समोर बसून मेथी निवडत होती. मी ते घडी करून ब्लाऊजमध्ये खोचलं आणि तिच्याबरोबर मेथी निवडायला लागले. बराच वेळ माझ्या हातून काड्याच भाजीत जात होत्या.

तर वाक्य असं होतं. "शरूताईनं दार उघडलं नाई."

म्हणजे तो आला होता. आम्हाला तो जिनिंगच्या कामानं जळगावला जातो असं सांगून गेला होता. तिकडून आला तेव्हा गप्प होता, पण तो तसाही कधी गप्प बसायचा. आणि पुढच्याच महिन्यात हिंगणघाटच्या हायवेवर तो अपघात झाला. तेरवीलाही तू का आली नाहीस, याचा राग मी इतके दिवस धरून होते. आता मला कळतंय की तू दाराच्या आत उभी होतीस आणि अजून तिथेच उभी आहेस.

ताई, मी तुला बोल लावत नाही. तू साकेतभाऊजींशी लग्न केलंस तेव्हा दादा त्यांच्या जातीवरून जे बोलला, ते मी ओसरीवर उभी राहून ऐकलं आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही उघडलं नसतं. कदाचित आतून कडीसुद्धा वाजवून दाखवली असती. माफी मागायला आलेल्या माणसाच्या कपाळावर तसं लिहिलेलं नसतं.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. म्हणून मी वहिनीला सकाळी विचारलं. सकाळी, कारण सकाळी तिथे फक्त तीच असते. मी म्हटलं, दादा कोल्हापूरला गेला होता हे तुम्हाला माहीत होतं का?

"मले काई सांगितलं नाई त्यायनं. जळगावलेच गेलते म्हणून मी धरून चालली."

मी विचारलं, संध्याकाळी तुम्हाला काय होतं?

ती मेथीची जुडी सोडवत राहिली. मग म्हणाली, "मी कुठं जात नाई, ताई. मले सगळं ऐकू येते. आई विचारते, आला का. 'नाई' म्हणायचं तर मागून चार गोष्टी सांगा लागते, आन् तोंड तर उचलतच नाई. म्हणून 'हाव' म्हणून देतो. त्या मग पोटभर जेवतात."

"आणि ते दाराचं?"

तिनं मान वर केली. डोळे लख्ख उघडे. "ते मी नाई बोलली."

मी या गोष्टीच्याही भुवईवर अंगठा ठेवून पाहिला, ताई. दादा झोपेत बरळला असेल. कुणाजवळ बोलला असेल, ते फिरून तिच्या कानावर आलं असेल आणि ती विसरली असेल. उसनं म्हणून जे जे असू शकतं ते सगळं दाबून धरलं, तरी खाली काहीतरी हलतं. किती हलतं ते मोजायला माझ्याकडे पट्टी नाही. म्हणून तो भाग मी तसाच सोडला आणि तिला घेऊन नागपूरला गेले. आईला सांगितलं, वहिनीच्या माहेरी आर्वीला जातो.

डॉक्टर तरुण होते आणि शांत. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, नसांची तपासणी केली. मायस्थेनिया. गोळ्या लिहून दिल्या आणि दार लावून घेऊन मला बजावलं, की हाच अशक्तपणा पापण्यांवरून घशात आला आहे, तो श्वासाच्या स्नायूंत उतरायला वेळ लागत नाही. गोळी चुकवायची नाही. दुसरं कुठलंही इंजेक्शन त्यांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. वहिनी हे ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे मी पागल नाई." मी म्हटलं, नाही. तेव्हा ती रडली. एवढे दिवस ती स्वतःला काय समजत होती, ते मी तिला विचारलं नव्हतं.

गोळ्या लागू पडल्या. दोन दिवसांनी दिवेलागणीला यशोदाबाई आणि भैयाजी येऊन बसले, आईनं सतरंजी टाकली, आणि वहिनी हातात ताट घेऊन बाहेर आली. ताटात भिजवलेले हरभरे होते. सगळ्यांना नमस्कार करून ती निवडत बसली. डोळे उघडे, आवाज तिचा. भैयाजींना म्हणाली, "गाय व्यायली का जी?" भैयाजी गोंधळले. आई दिव्याकडे बघत बसली. वात चढवली, पुन्हा चढवली. अंधार पडल्यावर तिनं वहिनीला इतकंच विचारलं, "त्याले कुठं घालवलं?"

त्या दिवशी आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी. वहिनीशी बोलणं बंद. मी समजावलं, आजाराचं नाव सांगितलं, चित्र काढून दाखवलं. ती म्हणाली, "आपल्या पोटचं पोर घडीभर येते, तर त्याले हाकलून देते का कोणी?"

आता जे लिहायचं ते लिहिते. परवा गोळ्यांची डबी सापडेना. वहिनीनं फडताळ पालथं घातलं, मी अंथरुणं झटकली. आई ओसरीवर सतरंजी अंथरत होती, शांतपणे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दिवस मावळला आणि वहिनीच्या पापण्या पुन्हा उतरायला लागल्या. यशोदाबाईंना कुणी निरोप दिला होता की काय, पण माणसं बरोबर आली. "आला का रे बाबू?" आणि तो आला.

आई तिचं डोकं कुरवाळत होती. तिच्या चेहऱ्यावर असं सुख मी कधी पाहिलं नाही, दादाच्या लग्नातही नाही. आणि त्याच वेळी वहिनीला स्वतःची थुंकी गिळता येत नव्हती. ती हनुवटीवरून ओघळत होती. छाती भराभर वरखाली होत होती आणि आत काहीच जात नव्हतं. मला ते दिसत होतं.

माझ्या पर्समध्ये गोळ्यांची जास्तीची पट्टी होती, ताई. मी ती लगेच काढली नाही. आधी तिच्या कानाशी वाकले आणि विचारलं, "दादा, शरूताईले काय सांगू?"

उत्तर आलं नाही. उत्तर द्यायला तिच्यात श्वास नव्हता. तिचा हात माझ्या मनगटाला लागला आणि तो बर्फासारखा गार होता. मग मी गोळी कुस्करली, चमचाभर पाण्यात तिच्या जिभेवर सोडली, भैयाजींना गाडी काढायला लावली आणि वर्ध्याला पोहोचेपर्यंत तिचं डोकं धरून बसले. ऑक्सिजन लागला. आता ती बरी आहे, कालच घरी आणली. डबी आईनं गव्हाच्या कोठीत घातली होती.

हे मी आणखी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, कारण तो प्रश्न मी तुझ्यासाठी विचारला होता.

यामिनी

---

अल्लीपूर
१७ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

या वेळी तू चार पानं लिहिलीस. मी ती वावरात बांधावर बसून वाचली. घरात वाचवेना. तू दाराच्या छिद्रातून त्याला पाहिलंस, त्याच्या हातात पिशवी होती, त्याने बेल दोनदा वाजवली आणि मग जिन्यात बसून राहिला, हे सगळं तू आजवर साकेतभाऊजींनाही सांगितलं नव्हतंस. ते वाचताना मला तुझ्यापेक्षा त्याचाच राग आला. आला होतास तर हाक मारायची होतीस. गाढवा, नुसती बेल काय वाजवतोस.

आणि मग शेवटच्या पानावर तुझी मागणी. नाताळच्या सुट्टीत येते, एक संध्याकाळ गोळी थांबव. 'एकच. मला फक्त दार उघडायचं आहे.'

नाही, ताई.

मला वाटलं नव्हतं की हे शब्द मला तुला लिहावे लागतील. अंगात येतं म्हणणाऱ्या बायकांना वर्गात हसणारी तू. मी तुझी चेष्टा करत नाही. मीही त्या ओसरीवर वाकलेच होते. पण तुझं पत्र मी वहिनीला वाचून दाखवलं, कारण श्वास तिचा आहे आणि तो आपण दोघी बहिणी तिच्या मागे वाटून घ्यायला निघालो होतो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "शरयूताई येत असतीन तर एक दिवस मी नाई घेत. घरचंच माणूस आहे." सहज म्हणाली. जसं एखादी म्हणते, पाहुणे येतायत तर मी खाली झोपते. तिच्या त्या सहजपणाची मला जास्त धास्ती वाटली. त्या दिवसापासून तिच्या गोळ्या माझ्या कमरेला बांधलेल्या असतात आणि प्रत्येक गोळी मी तिच्या हातावर ठेवून, ती गिळेपर्यंत समोर उभी राहते. वर्ध्याची रजा पुन्हा वाढवली आहे. साहेब चिडले आहेत, चिडू देत.

वहिनीच्या पापण्या आता संध्याकाळीही टिकतात. जेवते, बोलते, भैयाजींच्या वासराला हुंदडताना बघून हसते. तिच्याबद्दल काळजी करू नकोस.

काळजी आईची आहे. तेच सांगायचं होतं आणि वर एवढं पान खर्ची घातलं.

गेल्या आठवड्यात माणसं यायची बंद झाली. आईनं तरीही सतरंजी टाकली आणि वहिनी बसायची त्या खांबाशी स्वतः जाऊन बसली. मी म्हटलं, बसू दे, दुःख आहे. तुळशीपुढचा दिवा लागला होता. आईनं डोळे मिटले, मान खाली घातली. आणि थोड्या वेळानं आईच्या तोंडून कुणीतरी नाकात बोललं.

"आई, जेवली का?"

"हाव बाबू," आईनं उत्तर दिलं. तिच्याच आवाजात. मग पुन्हा तो आवाज. मग पुन्हा ती. वहिनी माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझा दंड धरला. आम्ही दोघी तिथे उभ्या होतो आणि खांबाशी ती दोघं बोलत होती.

आता हे रोज होतं.

मला करता येतं तेवढं मी केलं. सकाळी आईला उजेडात बसवलं, भुवईवर अंगठा ठेवला, खाली बघ, वर बघ. पापणी सरळ वर गेली. या वयात इतका चांगला स्नायू मी क्वचित पाहिला असेल. वर बघत ठेवलं, दमेल म्हणून वाट पाहिली. दमली नाही. "झालं का तुझं?" म्हणून उठून दळणाला गेली. तिला काहीही झालेलं नाही.

काल संध्याकाळी पुन्हा बसले तिच्यासमोर. डोळे मिटलेले. मी बोटानं पापणी उचलायला गेले. ताई, पडलेली पापणी बोटाला अडवत नाही. ओल्या फडक्यासारखी येते आणि सोडली की तशीच पडते. वहिनीची तशी यायची. आईची येईना. बोटाखाली घट्ट होती. कुणीतरी आतून सगळी ताकद लावून ती ओढून धरलेली होती. अशा पापणीवर ऑपरेशन नसतं, गोळी नसते. नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले मनाच्या डॉक्टरांकडे न्या. नेईन. ती यायला तयार होईल तेव्हा.

मी बोट तसंच ठेवून बसले. आणि तो आवाज माझ्या तोंडावर बोलला, इतक्या जवळून की श्वास माझ्या गालाला लागला.

"यामे, शरूताई आली का?"

आई तुला शरू म्हणते. आयुष्यात कधी शरूताई म्हणाली नाही. मला यामे म्हणाली नाही.

मी हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तो दादा आहे की आई आहे, हे मला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आता ते मोजायची इच्छाही उरली नाही. मला एवढंच दिसतं की ती रोज थोडी आणखी लवकर डोळे मिटते. आधी दिवा लागल्यावर, मग दिवा लावायच्या आधी. काल ऊन अंगणात होतं. असंच चाललं तर एक दिवस सकाळीच मिटेल.

तेव्हा तू ये. त्याला भेटायला नको, तो कोल्हापूरहून परत गेला, ते आता होऊन गेलं. तू आईला भेटायला ये. वर्ध्याला उतरलीस की मी स्टेशनवर असेन, तिथून आपण सकाळच्या एसटीनं येऊ. साकेतभाऊजींनाही आण. सकाळी ये, ताई, उजेड असताना. आईनं डोळे उघडून कुणाकडे तरी बघावं असं तू सोडून आता कुणी शिल्लक नाही. मी रोज समोर असते, वहिनी रोज समोर असते. आमच्यानं ते होत नाही.

तू येशील की नाही हे मला काल ठाऊक नव्हतं. आजही नाही. पण तो आवाज विचारत होता आणि बोट आईच्या पापणीवर होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "निघाली आहे. वाटेत आहे."

माझ्या बोटाखाली पापणी किंचित सैल झाली.

तुझ्या नावानं शब्द देऊन बसलेली,
यामिनी